स्नोमोबाइलमध्ये वेगवेगळी इंजिन ऑइल एकत्र केली तर चालतं का?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. एकाच प्रकारची, एकाच दर्जाची दोन ऑइल एकत्र झाली, तर कंपनी वेगळी असली तरी तेवढ्यावरून स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीचं, इंजिन बसत नाही, म्हणजे जाम होत नाही. प्रकारच वेगळा असेल तर बसू शकतं. आणि ऑइलची टाकी कोरडी पडल्यावर गाडी तशीच रेटली, तर ते हमखास बसतं. हा तिसरा मुद्दा फार लोकांच्या ध्यानात राहत नाही. ‘मिसळायचं नाही म्हणजे नाही’ असं कुणीतरी इतकं ठासून सांगितलेलं असतं, की शेजारच्या गाडीवाल्याकडे दुसऱ्या कंपनीचा भरलेला डबा असूनही माणूस रिकाम्या टाकीवर मुक्काम गाठायला बघतो. तसं करू नका. ते का करायचं नाही आणि मिसळताना नेमकं काय बघायचं, ते सांगतो.

आधी इंजिन कोणतं ते बघा

‘इंजिन ऑइल’ या एकाच नावाखाली स्नोमोबाइलच्या दुनियेत दोन अगदी निराळी ऑइल विकली जातात, आणि निम्मा घोळ तिथेच सुरू होतो.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल एकदाच कामाला येतं. वेगळ्या टाकीतून पंप ते थेंबाथेंबाने ओढतो. क्रँकशाफ्टची बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची टोकं, पिस्टनच्या बाजू यांना ते लागतं आणि पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरमधून निघून जातं. म्हणजे असेल तेवढा वेळ त्याने वंगण द्यायचं आणि जळताना मागे राख, काजळी, चिकटा ठेवायचा नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइलने जळायचंच नसतं. तेच ऑइल पुढच्या ऑइल-चेंजपर्यंत आत फिरत राहतं. काजळी, ज्वलनातून आलेलं पाणी, थंड इंजिनात रिंगांवरून खाली उतरलेलं पेट्रोल, हे सगळं पोटात घेऊन त्याला पुन्हा पुन्हा बेअरिंगांपर्यंत जावं लागतं. त्यामुळे त्यात झीज रोखणारी रसायनं, घाण तरंगत ठेवणारी रसायनं आणि घट्टपणा टिकवणारी रसायनं भरपूर असतात. टू-स्ट्रोकमध्ये ही मंडळी जळाली की त्यांचीच राख होते.

यामाहाने २००३ च्या मॉडेलांत आरएक्स-१ आणली, तेव्हापासून फोर-स्ट्रोक इंजिनही बर्फावर जोरात पळू शकतं हे लोकांना पटलं. आज स्की-डूसारख्या कंपनीच्या गाड्या दोन्ही प्रकारच्या इंजिनांत मिळतात. एकाच घरात एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक आणि फळीवर तीन-चार अर्धवट डबे, हे दृश्य अगदी नेहमीचं. म्हणून मिसळण्याचा प्रश्न मनात आला की पहिली नजर डब्यावरच्या कंपनीच्या नावावर जाऊ देऊ नका. ऑइल टू-स्ट्रोकचं की फोर-स्ट्रोकचं, हे आधी वाचा. या दोघांची सरमिसळ कधीच करायची नसते. बाकी बऱ्याच गोष्टींना काही ना काही तडजोड आहे.

टू-स्ट्रोक: खरी अडचण जेलीची

टू-स्ट्रोकच्या डब्यावर काही अक्षरं छापलेली असतात आणि तीच कामाची. जपानी जासो मानकात एफबी, एफसी, एफडी अशा चढत्या पायऱ्या आहेत. एफसी म्हणजे धूर कमी, एफडी म्हणजे त्यावर आणखी पिस्टन जास्त स्वच्छ. आयएसओच्या ईजीबी, ईजीसी, ईजीडी या पायऱ्या साधारण याच वळणाच्या. अमेरिकेच्या एपीआय या पेट्रोलियम संस्थेचा जुना शिक्का टीसी. आणि चौथा, सगळ्यात जास्त घोळ घालणारा, टीसी-डब्ल्यू३. हा शिक्का बोटीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड इंजिनांच्या ऑइलवर असतो.

बोटीच्या इंजिनाला थंड करायला तळ्याचं किंवा समुद्राचं पाणी अखंड मिळतं, त्यामुळे ते बऱ्यापैकी थंड चालतं. त्याच्या ऑइलमध्ये धातूची संयुगं घालत नाहीत, कारण त्यांची राख सिलिंडरच्या डोक्यात साठली की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागतं. म्हणून टीसी-डब्ल्यू३ ऑइल राखविरहित असतं आणि त्यातली सफाई करणारी रसायनं नायट्रोजनवर आधारलेली असतात. स्नोमोबाइलचं इंजिन याहून गरम चालतं, विशेषतः पंख्याने थंड होणारं. लिक्विड-कूल्ड गाडीत निदान गाडीखालच्या फिरत्या पट्ट्याने (ट्रॅकने) उडवलेला बर्फ पट्ट्यावरच्या पोकळीतल्या उष्णता-विनिमयकांवर आदळून कूलंट थंड करतो. पंख्याच्या इंजिनाला तोही आधार नाही. इतक्या उष्णतेत पिस्टनच्या रिंगा चिकटू नयेत म्हणून बऱ्याच स्नोमोबाइल ऑइलमध्ये कॅल्शियमसारख्या धातूची संयुगं थोड्या प्रमाणात असतात. याला कमी राखेचं ऑइल म्हणतात.

आता ही दोन ऑइल एका टाकीत आली की काय होतं? बऱ्याचदा काहीच होत नाही. पण काही जोड्यांमध्ये एका ऑइलमधली रसायनं दुसऱ्यातल्या रसायनांशी जुळत नाहीत आणि दाट, तंतुमय जेली तयार होते. थंडीत हे जास्त बळावतं. गाडी संध्याकाळी बाहेर उभी राहिली, रात्रभर पारा शून्याखाली पंचवीस-तीसवर गेला आणि सकाळी टाकीच्या तळाशी गोळा बसलेला. टाकीतून पंपाकडे जाणारी नळी बारीक, तिच्या तोंडाशी बारीक जाळी. जेली त्या जाळीवर बसली की पंप फिरतो, पण त्याला ओढायला काही मिळत नाही. पेट्रोल चालू, ठिणगी चालू, त्यामुळे इंजिन नेहमीसारखं सुरू होतं आणि नेहमीसारखं पळतं, बेअरिंगांवर उरलेलं ऑइल संपेपर्यंत. मग पिस्टनवर उभे ओरखडे आणि सीझ.

कमी ऑइलचा इशारा देणारा दिवा इथे उपयोगी पडत नाही. तो टाकीतली पातळी बघतो, पंपापर्यंत ऑइल पोचतंय की नाही ते बघत नाही. टाकी भरलेली, दिवा बंद आणि इंजिन कोरडं, अशी ही अवस्था असते.

ती आधी ओळखायची एक खूण आहे आणि ती प्रत्येक टू-स्ट्रोकवाल्याने अंगवळणी पाडावी असं मला मनापासून वाटतं. पेट्रोल भरताना दर वेळी ऑइलची पातळीही बघायची. टू-स्ट्रोक ऑइल पितंच, आणि साधारण ठरलेल्या हिशेबात पितं. टाकीभर पेट्रोल संपलं आणि ऑइलची रेघ जागची हलली नाही, तर ‘वा, गाडी कमी खाते’ म्हणून खूश होऊ नका. तिथेच थांबा, झाकण उघडा, टॉर्च मारा. स्वच्छ काडी तळापर्यंत घालून वर काढा. ऑइल एकसारख्या धारेने ओघळायला हवं. काडीला तार सुटत असेल, गुठळी चिकटून येत असेल किंवा टाकीत दोन थर दिसत असतील, तर ती गाडी त्या ऑइलवर पुढे न्यायची नाही.

थंडीत ऑइल किती वाहतं आणि पेट्रोलमध्ये किती विरघळतं, यासाठीही एक मानक आहे, एसएई जे१५३६. त्यात चार वर्ग आहेत: पहिल्याची चाचणी ० अंशाला, दुसऱ्याची उणे १०, तिसऱ्याची उणे २५ आणि चौथ्याची उणे ४० अंश सेल्सियसला. लॉनमोवरच्या किंवा चेन-सॉच्या ऑइलला वरचा वर्ग लागत नाही, कारण त्या यंत्रांत ऑइल बहुधा आधीच पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं, थंडीत पंपाला ते ओढावं लागत नाही. स्नोमोबाइलला मात्र चौथा वर्ग हवा. जासो एफडीचा शिक्का असलेलं, अशा यंत्रांसाठी बनवलेलं उत्तम ऑइलसुद्धा उणे तीसला पंपाला ओढवणार नाही इतकं घट्ट होऊ शकतं. ते टाकीतल्या स्नोमोबाइल ऑइलमध्ये अर्धं ओतलं तर जेली होणार नाही कदाचित, पण टाकीतल्या सगळ्या ऑइलचं वाहणं मंदावेल. मिसळण्याचा हा दुसरा धोका, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

रंगावर अजिबात विसंबू नका. टू-स्ट्रोक ऑइल निळं, हिरवं, लाल, जांभळं अशा सगळ्या रंगांत मिळतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलंय की नाही ते दिसावं, एवढ्यासाठी तो रंग घातलेला असतो. दोन निळी ऑइल एकमेकांना मानवतील असं काही नाही, आणि एक लाल, एक हिरवं म्हणून ती भांडतील असंही नाही.

बाटलीतली चाचणी

घरी करण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे. झाकणाची एक स्वच्छ, कोरडी, पारदर्शक काचेची बाटली घ्या. टाकीतलं ऑइल आणि नवं ऑइल निम्मं-निम्मं ओता, हलवा आणि झाकण लावून फ्रीझरमध्ये ठेवा. शेजारी दोन्ही ऑइलची एकेक शुद्ध बाटलीही ठेवा. तुलनेला काही नसेल तर बघायचं काय ते कळत नाही. एक-दोन दिवसांनी तिन्ही बाटल्या काढून लगेच, काचेवर बाष्प धरायच्या आत, उजेडासमोर तिरक्या करा.

मिश्रण शुद्ध ऑइलइतकंच नितळ असेल आणि दोन्हींच्या मधल्या वेगाने काचेवरून सरकत असेल तर ठीक. दुधाळ ढग आला असेल, मधोमध थराची रेघ असेल, तळाशी साका बसला असेल किंवा बाटली तिरकी केल्यावर आतलं ऑइल एकसंध न सरकता तुकड्याने घसरत असेल, तर ही जोडी जमणारी नाही. पण या परीक्षेची मर्यादा ओळखून राहा. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो आणि गाडी त्याहून थंड रात्री बाहेर उभी राहते. बाटलीत नापास झालेलं मिश्रण नक्की वाईट. पास झालेलं उणे ३५ लाही पास होईलच, असं मात्र नाही.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि साचणारा चिकटा

जेली झाली नाही, ऑइल वाहतंय, मग रोजच मिसळत राहिलं तर? इथे माझं मत स्पष्ट आहे: अडचणीत एकदा मिसळा, सवय लावू नका. कारण शोधायचं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून बघा. आजच्या बहुतेक स्नोमोबाइल टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडाशी वर-खाली सरकणारी पाती असते. स्की-डूच्या रोटॅक्स इंजिनात तिला रेव्ह म्हणतात, पोलारिस कंपनीच्या इंजिनात व्हीईएस. कमी वेगात ती खाली राहते आणि वेग वाढला की वर सरकून पोर्ट मोठं करते. खालचा जोर आणि वरची ताकद, दोन्ही मिळतं ते या पातीमुळे.

ही पाती थेट गरम धुराच्या वाटेत असते. ऑइल नीट जळलं नाही तर त्याचा अवशेष आधी तिच्यावर बसतो: काळा, बोटाला चिकटणारा, नखाने खरवडला तर लाखेसारखा सुटणारा थर. थर जाड झाला की पाती अडकते. खाली अडकली तर गाडी वरच्या वेगाला दमते आणि वर अडकली तर सुरुवातीलाच मरगळते. चांगलं सिंथेटिक ऑइल इथे खरोखर फरक करतं, तो फरक पाती हातात घेतल्यावर दिसतो. त्यात तुम्ही दर वेळी जे मिळेल ते ओतत गेलात, तर कोणत्या ऑइलने ही घाण केली ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

थेट इंधन सोडणाऱ्या, ई-टेकसारख्या इंजिनांत प्रश्न आणखी नाजूक आहे. तिथे पेट्रोल क्रँककेसमधून, म्हणजे क्रँकशाफ्टच्या पेटीतून, जात नाही, सरळ सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ऑइल स्वतंत्रपणे आणि फार मोजकं पुरवलं जातं. इतक्या कमी ऑइलवर इंजिन चालवायचं म्हणजे ते ऑइल ठरलेल्या गुणाचंच हवं. म्हणून अशा इंजिनात साधं मिनरल ऑइल मिसळू नये. मॅन्युअलमध्ये जे सांगितलं आहे तेच पाळावं. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला जी ढिलाई चालून जाते, ती या इंजिनाला चालत नाही.

फोर-स्ट्रोक: मिसळतं, पण थंडीत पोचतं का?

फोर-स्ट्रोक ऑइलची गोष्ट वेगळी आहे. एपीआयचा परवाना असलेल्या ऑइलला एक अट पाळावी लागते: ठरावीक संदर्भ-ऑइलमध्ये मिसळून गरम-थंड केल्यावर ते फाटता कामा नये, त्याचे थर होता कामा नयेत. त्यामुळे परवानाधारक दोन कंपन्यांची ऑइल एकत्र केली तर ती एकजीव होतील, जेली होणार नाही, यावर विसंबायला हरकत नाही. सिंथेटिक आणि मिनरल एकत्र केलं की इंजिन खराब होतं, ही जुनी भीती इथे टिकत नाही. सेमी-सिंथेटिक म्हणून जे विकतात ते या दोघांचं मिश्रणच असतं. शिवाय अमेरिकेत १९९९ च्या एका जाहिरातविषयक निर्णयानंतर खूप शुद्ध केलेलं खनिज तेलही ‘सिंथेटिक’ म्हणून विकलं जातं. म्हणजे डब्यावरचा तो शब्द तुम्हाला वाटतो तितकी मोठी भिंत उभी करत नाही.

पण एकजीव होणं वेगळं आणि थंडीत बेअरिंगपर्यंत पोचणं वेगळं. परवान्याची चाचणी पहिल्याची हमी देते. दुसऱ्याची हमी मिश्रणाला कुणीच दिलेली नसते.

डब्यावरच्या ०डब्ल्यू-४० सारख्या ग्रेडमधलं ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याचं अक्षर. त्याआधीचा आकडा थंडीतली परीक्षा सांगतो. ०डब्ल्यू ऑइल उणे ३५ अंशांना ६२०० सेंटिपॉइजपेक्षा (हे घट्टपणा मोजायचं एकक) घट्ट असता कामा नये, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवू शकेल. आणि उणे ४० ला ६०,००० च्या वर जाता कामा नये, म्हणजे पंप ते ओढू शकेल. नळाचं पाणी साधारण १ सेंटिपॉइज असतं. त्यावरून उणे ४० ला ऑइलचं काय होतं याची कल्पना करा, आणि ही तर पास झालेल्या ऑइलची मर्यादा. ५डब्ल्यूची पंपाची परीक्षा उणे ३५ ला होते, १०डब्ल्यूची उणे ३० ला. स्नोमोबाइलच्या फोर-स्ट्रोकला बहुधा ०डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० सांगतात ते याचसाठी.

आता ०डब्ल्यू-४० च्या इंजिनात लिटरभर १०डब्ल्यू-४० ओतलं, तर जे तयार होतं ते ०डब्ल्यू राहील याची खात्री नाही. गरम इंजिनात काही फरक जाणवणार नाही, दोन्ही ‘४०’च आहेत. फरक पडतो तो पहाटे, पहिल्या किकला.

कागदावर पास झालेलं ऑइलही प्रत्यक्षात कसं दगा देऊ शकतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या सू फॉल्स इथे १९८० च्या सुमारास घडलं. तिथल्या हिवाळ्यात गाड्यांची इंजिनं ऑइलअभावी निकामी झाली, आणि ऑइल तर आत भरलेलं होतं. तेव्हाच्या चाचण्यांत ते पास होत होतं. फरक थंड होण्याच्या पद्धतीत होता. उभ्या गाडीतलं ऑइल हळूहळू थंड झालं, आतल्या मेणाचे कण सावकाश एकमेकांत गुंतले आणि सगळं ऑइल मऊ जेलीसारखं बसलं. पंपाने तोंडाजवळचं थोडं ओढलं, तिथे खळगा पडला, बाजूचं ऑइल त्यात वाहून आलंच नाही आणि पंप हवा ओढत राहिला. त्यानंतर ऑइल सुमारे दोन दिवस हळूहळू थंड करून तपासायची पद्धत आली आणि ग्रेडच्या मानकात शिरली.

याचा मिसळण्याशी संबंध असा. मेणाचे कण गुंतू नयेत म्हणून ऑइलमध्ये खास रसायन घालतात. ते त्या ऑइलच्या तेलाला, त्यातल्या मेणाला जुळेल असं निवडलेलं असतं. दुसरं ऑइल ओतलं की तेल बदललं, मेण बदललं, रसायनाचं प्रमाणही बदललं. बहुतेक वेळा निभावून जातं. पण हळूहळू थंड होणारी, रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी म्हणजे नेमकी सू फॉल्सची परिस्थिती, आणि स्नोमोबाइल तर त्याच परिस्थितीत राहते. म्हणून कमी पडलेलं थोडं ऑइल दुसऱ्या कंपनीचं भरायचं असेल, तर निदान डब्ल्यूआधीचा आकडा तोच ठेवा. ‘०’ च्या जागी ‘०’. कंपनी बदलली तर चालेल, हा आकडा वाढवू नका.

मोटरसायकलवाल्यांचा एक सल्ला इथे लागू होत नाही, तोही सांगून टाकतो. मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून तिथे घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं कारचं ऑइल वापरत नाहीत, क्लच घसरतो. स्नोमोबाइलचा क्लच बाहेर, कोरडा, रबरी बेल्टवर चालणारा. त्याला इंजिन ऑइलचा स्पर्शही नसतो. त्यामुळे अडीनडीला चांगलं कारचं ०डब्ल्यू-४० फोर-स्ट्रोक स्नोमोबाइलमध्ये थोडं भरलं तर क्लचची काळजी नको. टर्बो इंजिन असेल तर मात्र साध्या मिनरल ऑइलपासून दूर राहा. टर्बोचं बेअरिंग इतकं तापतं की हलक्या दर्जाचं ऑइल तिथे करपून कोळसा होतं.

आणि फोर-स्ट्रोकमध्ये मिसळलेल्या ऑइलपेक्षा मोठी चिंता पेट्रोल आणि पाण्याची असते. कडाक्याच्या थंडीत गाडी पाच-दहा मिनिटं चालवून बंद केली, असं वारंवार झालं की ऑइल तापतच नाही आणि आत आलेलं पेट्रोल-पाणी उडून जात नाही. पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो, झाकणाखाली पिवळट फेस दिसतो. अशा ऑइलमध्ये कितीही उंची ऑइल मिसळलं तरी ते सुधारत नाही. ते काढूनच टाकावं लागतं.

जी खरंच मिसळू नयेत

एरंडेलाधारित रेसिंग ऑइल मिनरल ऑइलमध्ये घालू नका. एरंडेल उत्तम वंगण आहे यात शंका नाही, पण थंडीत ते खनिज तेलापासून आणि पेट्रोलपासूनही वेगळं होऊन खाली बसतं. बर्फात त्याची जागा नाही.

फोर-स्ट्रोकचं ऑइल टू-स्ट्रोकच्या टाकीत गेलं, तर इंजिन सुरू न करता टाकी आणि नळ्या रिकाम्या करा. चालवलं तर ते नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, राख बसते. उलट झालं, टू-स्ट्रोकचं ऑइल फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये गेलं, तरी तेच: सुरू करू नका, सगळं काढा, फिल्टर बदला. टू-स्ट्रोक ऑइलमध्ये ते पातळ वाहावं म्हणून बरंच सॉल्व्हंट घातलेलं असतं. फोर-स्ट्रोकच्या बेअरिंगवर त्याचा थर टिकत नाही.

चेनकेसचं, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीचं, ऑइल हे तिसरंच प्रकरण आहे. ते इंजिनात नको आणि इंजिनाचं तिथे नको. बाटलीतून ओतायची ‘अ‍ॅडिटिव्ह’ हीसुद्धा मिसळच आहे, हे पुष्कळांना सुचत नाही. कंपनीने मोजून घातलेल्या रसायनांत तुम्ही अंदाजाने आणखी घालता. मी तरी ती घालणार नाही. आणि थंडीत ऑइल पातळ करायला रॉकेल किंवा पेट्रोल ओतणं हे तर इंजिनाच्या मुळावरच येणारं काम आहे.

वाटेत ऑइल संपलं तर

समजा, मुक्काम अजून साठ किलोमीटर लांब आहे, दिवा लागला आहे, आणि सोबत्याकडे दुसऱ्या कंपनीचं ऑइल आहे. गाडी टू-स्ट्रोक, ऑइलही टू-स्ट्रोक स्नोमोबाइलचं: भरा आणि निघा. पोचण्यापुरतं भरा, टाकी काठोकाठ भरायची गरज नाही. फक्त बोटीचं टीसी-डब्ल्यू३ मिळालं, तरी कोरड्या टाकीपेक्षा ते बरं, पण वेग मध्यम ठेवा, आणि ते मिश्रण टाकीत घेऊन गाडी थंडीत रात्रभर उभी करू नका. पोचल्यावर काढून टाका. टू-स्ट्रोकचं काहीच मिळालं नाही तर गाडी ओढत न्या. दोरीचा कंटाळा करून इंजिन घालवू नका.

फोर-स्ट्रोकमध्ये पातळी कमी असेल तर योग्य ग्रेडच्या जवळचं जे मिळेल ते मॅन्युअलमधल्या पद्धतीने मोजून भरा. ड्राय-संप इंजिनात, म्हणजे ज्याचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं त्यात, पातळी इंजिन गरम करूनच बघावी लागते. थंड इंजिनात बघून जास्त भरलं, तर ते एअरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या पेटीत, चढतं. मग पुढचा ऑइल-चेंज ठरलेल्या वेळेआधी करून टाका.

वॉरंटीची धास्ती घालून लोकांना घाबरवलं जातं, त्याबद्दल एकच. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे, कंपनी ऑइल फुकट देत नसेल तर, केवळ दुसऱ्या ब्रँडचं ऑइल वापरलं म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. मात्र चुकीच्या दर्जाच्या ऑइलनेच बिघाड झाला, असं दिसलं तर नाकारता येते. म्हणून डब्याचा शिक्का आणि खरेदीची पावती जपून ठेवा.

कंपनी बदलायची असेल तर

टू-स्ट्रोकमध्ये साधी वाट अशी: जुनं ऑइल वापरून पातळी खाली येऊ द्या, दिवा लागायच्या बेताला आली की नवं भरा. दोन्ही एकाच प्रकारची, स्नोमोबाइलसाठीचीच असतील तर एवढं पुरेसं आहे. टीसी-डब्ल्यू३ वरून कमी राखेच्या ऑइलवर येत असाल, किंवा जुनी गाडी घेतली आणि टाकीत काय आहे तेच माहीत नसेल, तर टाकी पूर्ण रिकामी करा, जाळी धुवा, नळीतलं ऑइलही जाऊ द्या. उन्हाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तेव्हा तर हे कराच. तेवढ्या अवधीत न जुळणाऱ्या मिश्रणातला साका तळाशी बसतो आणि पहिल्या बर्फाला त्रास देतो.

नळी सोडवली की तिच्यात हवा शिरते, आणि हवेचा बुडबुडा पंपात अडकला तर नवंकोरं, उत्तम ऑइल भरूनही इंजिन कोरडंच चालतं. म्हणून नळी जोडल्यावर हवा काढल्याशिवाय गाडी पळवू नका. बऱ्याच जुन्या पंपांवर यासाठी स्क्रू असतो. तो सैल करून बुडबुड्यांशिवाय सलग ऑइल येईपर्यंत थांबायचं, मग आवळायचा. इलेक्ट्रॉनिक पंपाच्या गाडीत हे काम डीलरच्या यंत्रावर करून घ्यावं लागतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत मी याच्या जोडीला पेट्रोलच्या टाकीत थोडं ऑइल, पन्नासास एक या प्रमाणात, घालून ठेवण्याच्या बाजूचा आहे. ते टाकीतलंच, त्याच कंपनीचं असावं. पंपातून ऑइल येतंय याची खात्री होईपर्यंत इंजिनाला तेवढं पुरतं. थोडा धूर जास्त होईल, एखादा प्लग काळा होईल. मग दहा-पंधरा किलोमीटर सावकाश चालवून टाकीवरच्या रेघेकडे बघा. ती खाली सरकली असेल तर पंप काम करतोय.